पैसे देणारा बदल्यात काय मागतो?

कुठल्याही परदेशी इंटर्नशिपचा किंवा स्कॉलरशिपचा फॉर्म उघडून बघा. नाव, पत्ता, सीजीपीए, दोन प्राध्यापकांची शिफारस वगैरे भरून झालं की शेवटी एक मोठा रिकामा चौकोन येतो. भाषा गुळगुळीत असते, पण प्रश्न एकच असतो: आम्ही तुम्हालाच पैसे का द्यावेत? आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट असते, जी आपण सॉफ्टवेअरचं लायसन्स अ‍ॅग्रीमेंट वाचतो तितक्याच मनापासून वाचतो. म्हणजे वाचतच नाही. ती गोष्ट म्हणजे, बदल्यात तुम्ही काय द्यायचं.

सध्या हा विषय डोक्यात असण्याचं कारण माझी मामेबहीण. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीतल्या एका लॅबने उन्हाळ्यात दहा आठवडे काम करायला या म्हणून कळवलंय. फक्त विमानाचं आणि राहण्याखाण्याचं तुमचं तुम्ही बघा! मग वेगवेगळ्या ट्रस्टना आणि संस्थांना अर्ज करणं आलं, आणि "दादा, तू एकदा नजर टाक ना" म्हणून ते अर्ज माझ्याकडे आले. वाचता वाचता प्रश्न पडला की परदेशी शिकायला जाण्यासाठी कुणाकडे तरी पैसे मागायचे हा प्रकार आपल्याकडे कधी सुरू झाला? कोणी मागितले, कोणाकडे, आणि देणाऱ्याने काय अट घातली? गेले दोन वीकेंड ह्यातच गेले. जे सापडलं ते अर्थातच आपल्या ओळखीच्या माणसांबद्दल आहे, पण ह्या बाजूने मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

पहिली अट: धर्म

सुरुवात कोल्हापुरातून. १८७८ साली गोपाळराव जोशी तिथे पोस्टात नोकरीला होते. बायकोला शिकवायचं, तेही अमेरिकेत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. बायको म्हणजे आनंदीबाई, तेव्हा वय वर्षं १३. गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. हे वाइल्डर आधी कोल्हापुरात काम केलेले, आणि आता प्रिन्स्टनहून एक मिशनरी मासिक चालवत होते. त्यांनी ते पत्र आणि आपलं उत्तर, दोन्ही मासिकात छापलं. उत्तराचा मथितार्थ असा की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू.

इथे विषय संपायला हवा होता. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेला त्या मासिकाचा जुना अंक त्यांनी चाळायला घेतला. त्यात हा पत्रव्यवहार! त्यांनी आपणहून कोल्हापूरला पत्र लिहिलं आणि त्यातूनच पुढे आनंदीबाईंना अमेरिकेत घर मिळालं. (नेटवर्किंग नेटवर्किंग म्हणून आपण जे करतो, त्याचा हा बहुधा सगळ्यात भारी नमुना असावा.)

२४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाईंनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून जाहीर भाषण केलं. मी का जातेय, एकटी का जातेय, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येणार आहे. वाइल्डरसाहेबांच्या अटीला पाच वर्षांनी दिलेलं हे जाहीर उत्तर म्हणायला हरकत नाही. त्यानंतर काही लोकांनी देणग्याही दिल्या. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या.

सप्टेंबरात रोझेलहून त्यांनी पेनसिल्वेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला जे पत्र पाठवलं, ते आजच्या भाषेत स्टेटमेंट ऑफ पर्पज आहे. त्यात त्या सरळ मान्य करतात की प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसत नाही. पण माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजने प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला, २२ वं वर्ष पूर्ण व्हायच्या आत, क्षयाने त्या गेल्या. पुढचं आपल्याला माहीत आहेच.

दुसरी अट: आधी डिग्री आण

दुसरा अर्जदार गुजराथी. १८८८ साली राजकोटच्या १८ वर्षांच्या मोहनदास गांधीला बॅरिस्टर व्हायला विलायतेला जायचं होतं. वडील पूर्वी पोरबंदरचे दिवाण, तेव्हा संस्थानाने मदत करावी अशी घरच्यांची अपेक्षा. राजकोटहून पोरबंदर म्हणजे बैलगाडीने पाच दिवस. ह्याने धोराजीपर्यंत बैलगाडी केली आणि एक दिवस वाचावा म्हणून पुढे उंटावर बसला. संस्थानाचा कारभार तेव्हा लेली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे होता. काय बोलायचं, कसं वाकून नमस्कार करायचा ह्याची तयारी करून मोहनदास भेटायला गेला, तर साहेब आपल्या घराचा जिना चढत होते. चढता चढताच त्यांनी सांगितलं की आधी बी.ए. हो, मग ये, आत्ता काही मिळणार नाही. आणि साहेब वर निघून गेले.

शिकायला पैसे हवेत तर आधी शिकून ये! "फ्रेशर पाहिजे, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक" ही जाहिरात मी कँपसमधून बाहेर पडलो तेव्हा रोज वाचायचो, त्यामुळे मोहनदासबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. शेवटी भाऊ पाठीशी उभा राहिला, बायकोचे दागिने विकायचीही चर्चा झाली, आणि ४ सप्टेंबर १८८८ ला तो मुंबईहून निघाला.

ह्या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. अर्ज करायला फॉर्म नाही, नियम नाहीत, शेवटची तारीख नाही. एखादा माणूस गाठायचा आणि त्याची मर्जी. माणूस जिन्यात भेटला तर जिन्यात.

तिसरी अट: परत कर

१८९२ साली जमशेटजी टाटांनी ह्या प्रकाराला पहिल्यांदा एक सिस्टिम दिली. त्यांच्या नावाचा जो निधी आहे, जे. एन. टाटा एंडोमेंट, त्याची मूळ कल्पना अशी की दान नाही, कर्ज द्यायचं. तुम्ही शिकून या, कमवा, फेडा. ते पैसे पुढच्या विद्यार्थ्याला. सुरुवातीला ही सोय पारशांपुरती होती, थोड्याच वर्षांत सगळ्यांना खुली झाली. ह्या निधीतून १९४५ साली के. आर. नारायणन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, जे पुढे राष्ट्रपती झाले. १९५७ साली केंब्रिजला निघालेले जयंत नारळीकरही टाटा स्कॉलरच.

मला ही कल्पना व्यक्तिशः फार आवडते. ह्यात कुणाचे पाय धरणं नाही आणि उपकाराचं ओझंही नाही, व्यवहार आहे. पण कर्ज घ्यायलासुद्धा आधी हिंमत लागते, आणि ती हिंमत घरात थोडंफार काही असलं तरच येते. ज्याच्या घरात काहीच नाही, तो कर्जाच्या फॉर्मपर्यंत पोचणार कसा? हा प्रश्न बाजूला ठेवू, पुढे लागणार आहे.

पैसे मिळाले, पण कारखान्याचं दार?

१९०४ साल ह्या विषयात फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने तांत्रिक शिक्षणासाठी विलायतेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. वर्षाला १५० पौंड. तेव्हा एका पौंडाला १५ रुपये हा भाव, म्हणजे २२५० रुपये. त्याच वर्षी कलकत्त्यात एक संस्था निघाली, जी वर्गणी गोळा करून मुलांना विज्ञान आणि उद्योगधंदे शिकायला जपान, अमेरिका, युरोपला पाठवू लागली.

आपण ज्याला इंटर्नशिप म्हणतो त्याची खरी अडचण सरकारी स्कॉलरना आली. कॉलेजात प्रवेश मिळायचा, लेक्चर व्हायची, परीक्षाही पास व्हायचे. पण कापड, कातडं, रंग हे शिकायचं तर कारखान्यात उभं राहायला हवं. आणि विलायती कारखानदार हिंदुस्थानी मुलाला आत घ्यायला नाखूष. का, ते उघड आहे. आज ज्याला आपलं मशीन उघडून दाखवायचं, तो उद्या परत जाऊन आपल्याच गिऱ्हाइकाला माल विकणार! तक्रारी इतक्या झाल्या की सर थिओडोर मॉरिसन ह्यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमावी लागली, तिचा रिपोर्ट १९१३ चा. म्हणजे फंडिंग आहे, व्हिसाची कटकट नाही, आणि तरी मुलगा गेटच्या बाहेर. (रिपॉझिटरीचा अ‍ॅक्सेस न देता इंटर्नला आठ आठवडे डॉक्युमेंट वाचत बसवणाऱ्या कंपन्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

ह्यावर आपल्याकडे निघालेला तोडगा मात्र भन्नाट होता. अंताजी दामोदर काळे ह्या गृहस्थांनी "पैसा फंड" काढला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. टिळकांचा पाठिंबा होता. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला, आणि तो चालवायला आणले ईश्वरदास वार्ष्णेय, जे आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत एम.आय.टी.त शिकून आले होते. तळेगावच्या कारखान्यात काच तर बनायचीच, पण मुख्य म्हणजे मुलांना काच बनवायला शिकवलं जायचं. शंभर मुलांना परक्या गेटबाहेर उभं करण्यापेक्षा गेटच इकडे आणायचं. क्राउडफंडिंग हा शब्द आपण नंतर शिकलो, इतकंच.

चौथी अट: सरकारी नोकरी करायची नाही

१९०४ च्याच डिसेंबरात श्यामजी कृष्णवर्मांनी लंडनमध्ये फेलोशिपा जाहीर केल्या. श्यामजी म्हणजे ऑक्सफर्डला शिकलेले संस्कृत पंडित, काही संस्थानांत दिवाणगिरी केलेले, आणि आता उघड उघड स्वराज्यवादी. पाठोपाठ पॅरिसचे जवाहिरे सरदारसिंह राणा ह्यांनीही शिष्यवृत्त्या दिल्या, त्यातली एक शिवाजी महाराजांच्या नावाची. रक्कम २००० रुपये. आणि अट मोठी गमतीची: परत आल्यावर इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. कधीच.

ह्या शिवाजी शिष्यवृत्तीसाठी १९०६ साली पुण्याहून विनायक दामोदर सावरकरांनी अर्ज केला. रेफरन्स दोन: लोकमान्य टिळक आणि "काळ"कर्ते शिवराम महादेव परांजपे. (ह्यापेक्षा तगड्या रेको त्या वर्षी पुण्यात मिळणं अवघड होतं.) शिष्यवृत्ती मिळाली, आणि ९ जून १९०६ ला ते मुंबईहून निघाले.

आता जरा हिशोब करू. सरकारी तांत्रिक शिष्यवृत्ती वर्षाला १५० पौंड. राणांचे २००० रुपये म्हणजे सुमारे १३३ पौंड. एक वर्ष जेमतेम निघेल इतकेच. पुढचं सासऱ्यांनी, जव्हारच्या चिपळूणकरांनी, सांभाळलं. म्हणजे अट आयुष्यभराची आणि पैसे वर्षभराचे. तरीही अर्ज येत होते, कारण ज्यांनी अर्ज केले त्यांच्या दृष्टीने ती अट नव्हतीच. ते तसेही सरकारी नोकरी करणार नव्हते. देणाऱ्याला जे हवं ते घेणाऱ्याच्या मनात आधीच असेल तर बाँड टोचत नाही.

पाचवी अट: दहा वर्षं नोकरी

आणि आता ह्या लेखाचा मुख्य अर्जदार.

भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांची बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी गाठ घालून दिली होती. महाराजांनी महिना २५ रुपये सुरू केले आणि भीमराव बी.ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीत रुजू झाले, पण पंधरवड्यातच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी सुभेदार गेले. पुढे कळलं की महाराज काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवतायत. भीमरावांनी अर्ज केला. ४ जून १९१३ ला बडोद्यात करारावर सही झाली.

करार असा: तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड. ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची.

साडेअकरा पौंड म्हणजे त्या भावाने १७२ रुपये ८ आणे. वर्षाचे १३८ पौंड. वरचे आकडे आठवा, १५० आणि १३३. म्हणजे काळाचा "मार्केट रेट" साधारण हाच होता. फरक होता तो अटीत. आपल्या आयटीतल्या मंडळींना बाँड नवीन नाही. मी पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा दोन वर्षांच्या बाँडवर सही केली होती, आणि ट्रेनिंग म्हणून जे मिळालं ते बघता तो बाँड कशाबद्दल होता हे मला आजही कळलेलं नाही. (कंपनीचं नाव विचारू नका.) बडोद्याचा करार त्या मानाने न्याय्यच म्हणायचा. तीन वर्षं न्यूयॉर्क, दहा वर्षं बडोदा.

कोलंबिया युनिव्हर्सिटीत त्यांनी त्या तीन वर्षांत काय केलं, तर १९१५ ला एम.ए., आणि ९ मे १९१६ ला एका सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध पेपर वाचला. शिवाय अर्थशास्त्राचा प्रबंध. मग प्रोफेसर सेलिग्मन ह्यांची शिफारस घेऊन लंडन. पण शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती आणि बडोद्याने १९१७ साली परत बोलावलं. अभ्यास अर्धा. पहिलं महायुद्ध चालू. पुस्तकं आणि सामान दुसऱ्या बोटीने पाठवलं होतं, ती बोट टॉर्पेडोने बुडाली. विम्याचे ६०० रुपये मिळाले, त्यातून बडोद्याला जायचा खर्च निघाला.

कारण करार होता. दहा वर्षं.

पुढे काय झालं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. नोकरी होती, पण शहरात राहायला कोणी जागा देईना. एका पारशी खाणावळीत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले. सरकारी घरासाठीचा अर्ज आधीच केलेला होता. तो ह्या टेबलवरून त्या टेबलवर फिरत होता. काही तास बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

ह्या प्रसंगाबद्दल आपण शाळेत वाचलेलं असतं ते अन्यायाची गोष्ट म्हणून, आणि ती आहेच. पण कराराच्या बाजूने बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. कोलंबियात शिकलेला माणूस करार पाळायला हजर होता. पैसे देणारे महाराजही चांगले होते, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण महाराजांची कृपा ही महाराजांपुरतीच. त्यांच्याच राज्यातल्या खोलीच्या मालकाला, ऑफिसातल्या शिपायाला, फाइल पुढे सरकवणाऱ्या कारकुनाला ती कृपा लागू होत नव्हती.

दुसऱ्या फेरीचे पैसे

लंडन युनिव्हर्सिटीने अर्धवट अभ्यास पुरा करायला चार वर्षांची सवलत दिली होती. म्हणजे डेडलाईन होती. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले आणि पगारातून पैसे बाजूला टाकायला लागले. नवल भथेना ह्या मित्राने ५००० रुपये कर्जाऊ दिले. (हा मित्र पारशी, न्यूयॉर्कमधला रूममेट. समाज आणि माणूस ह्यांत गल्लत करायची नाही ती अशासाठी.) कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले.

ह्या फेरीत ना शिष्यवृत्ती ना करार. मग रुपयाचा भाव घसरला. परदेशात शिकणाऱ्या किंवा भावाबहिणीला पैसे पाठवणाऱ्या कुणालाही विचारा, ह्या वाक्याचा अर्थ काय होतो ते. १९२१ च्या सप्टेंबरात त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले, परत आल्यावर व्याजासकट फेडीन म्हणून. एम.ए. आणि पीएच.डी.चा अभ्यास झालेला, तिशीतला, प्राध्यापकी केलेला माणूस पुन्हा एका महाराजांना पत्र लिहितोय. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

अर्जदार टेबलाच्या पलीकडे बसतो

आता इथून सरळ १९४२ ला येऊ. जुलैमध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तीन महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ ला, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांना एक निवेदन दिलं. विषय, अनुसूचित जातींची गाऱ्हाणी. त्यातला शिक्षणाचा भाग मी दोनदा वाचला, कारण तो मला एखाद्या उत्तम प्रपोजलसारखा वाटला. भावनेला हात घालणं जवळजवळ नाही. म्हणणं असं: नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञान हवं. ते महाग आहे, आमच्या लोकांना परवडणं शक्य नाही. तेव्हा सरकारने देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी दरवर्षी २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी दरवर्षी १ लाख रुपये द्यावेत. शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉप्स इथे आमच्या मुलांना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घ्यावं.

शेवटचा मुद्दा परत वाचा. कॉलेजच्या फीबरोबर वर्कशॉपचं दारही मागितलंय. १९१३ च्या कमिटीसमोर जो प्रश्न होता, पैसे आहेत पण कारखान्यात शिरकाव नाही, तो ह्या निवेदनात घरच्या कारखान्यांबाबत विचारलेला आहे.

सरकारने ३ लाखांची तरतूद मान्य केली. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, काही विद्यार्थी परदेशीही गेले. स्वातंत्र्यानंतर, १९५४-५५ साली, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आली. महाराष्ट्र सरकारने २००३ साली अशीच योजना काढली आणि तिला नाव दिलं राजर्षी शाहू महाराजांचं, ते योग्यच झालं.

मला ह्यात जे दिसतं ते असं. आनंदीबाई, गांधी, सावरकर आणि पहिल्या फेरीतले आंबेडकर ह्या सगळ्यांनी माणसांकडे पैसे मागितले. मिळाले, नाकारले गेले, अटीवर मिळाले. देणारे बरेचसे भलेही होते. पण त्या सगळ्यांतला एकच अर्जदार असा, की ज्याने संधी मिळताच व्यवस्थाच बदलायला घेतली. पुढच्या मुलाला केळूसकर गुरुजी भेटोत न भेटोत, महाराजांची मर्जी असो नसो, बजेटमध्ये एक ओळ असली पाहिजे आणि त्या ओळीवर अर्ज करता आला पाहिजे. टाटांच्या कर्जापर्यंत ज्याचे हात पोचत नाहीत, त्याच्यासाठी ही ओळ.

ओळ असली तरी...

आता कोणी म्हणेल की झालं ना मग, प्रश्न सुटला. तसं नाही. बजेटमधल्या ओळीलाही बारीक अक्षरं असतात. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीत अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत. म्हणजे १९१६ साली कोलंबियात जातींवर पेपर लिहिणारा विद्यार्थी त्या नियमात बसला नसता. आणि २०२५ च्या जुलैत निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रं गेली. बाकीच्यांना निधी असेल त्याप्रमाणे, असं कळवलं गेलं. ऑफर लेटर हातात, युनिव्हर्सिटीची तारीख जवळ येतेय, आणि फाइल ह्या टेबलवरून त्या टेबलवर. हे वाचताना मला बडोद्यातला तो घराचा अर्ज आठवल्याशिवाय राहिला नाही.

तरीही दोन्हींत फरक आहे, आणि तो छोटा नाही. १९१७ साली बडोद्याच्या बागेत बसलेल्या माणसाला कोणाला जाब विचारायची सोय नव्हती. महाराजांनी आधीच खूप केलं होतं. आणखी काय मागणार? २०२५ साली मात्र लगेच बातम्या आल्या, प्रश्न विचारले गेले. नियम लिहिलेला असतो म्हणूनच तो चुकीचा आहे असं म्हणता येतं. कृपेबद्दल तसं म्हणता येत नाही, तिचे फक्त आभार मानता येतात.

तेव्हा तुमच्यापैकी जे कोणी सध्या फॉर्म भरत असतील, किंवा माझ्यासारखे धाकट्यांचे फॉर्म तपासत असतील, त्यांना एवढंच सुचवीन की तो मोठा चौकोन भरा, पण बारीक अक्षरं आधी वाचा. देणारा काय मागतोय? वेळ, पैसा, विषय की निष्ठा? जे मागतोय ते तुमच्या मनात आधीपासून असेल तर बेलाशक सही करा. आणि पुढेमागे टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायची वेळ आली, कंपनीच्या सीएसआर कमिटीत म्हणा किंवा कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघात म्हणा, तर मर्जीने चेक फाडण्याऐवजी नियम, रक्कम आणि तारीख असलेली एक ओळ लिहून घ्या. आपण त्या कमिटीत नसलो तरी ती चालू राहील.

तुमच्या घरात, आजोबा-पणजोबांच्या पिढीत, असं कोणी बाहेर शिकायला गेलं असेल तर एकदा विचारून बघा, पैसे कोणी दिले होते? माझ्या अंदाजाने बऱ्याच घरांत एखादा भथेना निघेल.